हे बरं, की हे?

बॉस्टन. अमेरिकेतलं नव्हे,
लिंकनशरमधलं. भरतीच्या पाण्याहून खोल बसलेलं,
कोबीच्या शेतांचं सपाट गाव.
चर्चचा मनोरा वीस मैलांवरून दिसतो
आणि जवळ गेलं की मान दुखते.
बाजारात, किल्ल्या करून देणाऱ्याच्या शेजारी
माझी अंधारी खोली.
दिवसभर मी लोकांना एकच विचारते:
हे बरं, की हे?

मंगळवारी नातेला आली, कोबीच्या शेडमधून थेट,
नखांत अजून हिरवं.
जॉर्जियाची.
यंत्रावर हनुवटी टेकवून म्हणाली,
मामाच्या सफरचंदांत एका रात्री पाटी उगवली,
पुढल्या साली तारेचं कुंपण,
त्याच्या पुढल्या साली कुंपण विहिरीच्या अलीकडे.
आता मामा तारेतून हात घालून
स्वतःचीच फळं चोरतो.
"आम्हाला आत घ्या म्हणून
किती वर्षं दार वाजवतोय.
तुमचे लोक म्हणतात, दार उघडंच आहे.
उघडं दार वाजवावं लागतं का हो?"

मला कळलं ते. वडील मोजणी खात्यात होते.
साखळी गुंडाळून घरी आले की सांगायचे,
बांध कोणी एका दिवसात खात नाही.
दरसाल नांगराचं एक तास आत.
ज्याच्या पाठीशी चार भाऊ, त्याचा बांध जागच्या जागी.
एकट्या बाईच्या शेतात मात्र
बांधाला पाय फुटतात.

पण शाळेतला इतिहासाचा पेपरही आठवतो:
तैनाती फौजेचे परिणाम लिहा. गुण पाच.
मी सहा मुद्दे लिहिले होते.
वसईला सही करताना
पेशव्यालाही संरक्षणच हवं होतं.
फौज आली. खर्चापोटी मुलूख गेला,
मग मुलुखापाठोपाठ गादी.
हे मी नातेलाला बोलले नाही.
बोलले असते तर म्हणाली असती,
मामाला निदान
फसायचं कुणाकडून, ते तरी ठरवू दे.

दुपारी एनिडबाई. ऐंशी पार, मोतीबिंदू पिकलेला.
नातू, कॅलम, एस्टोनियाच्या बर्फात पहाऱ्यावर.
"तिथवर ठीक आहे गं.
तो उभा आहे म्हणून कोणी येत नाही, असं सांगतात.
पण त्याच्यापुढे कुठे? आणि त्याच्यापुढे?
नकाशा दाखव मला, मोठ्या अक्षरांतला."
नवरा तिचा जन्मभर समुद्र अडवायच्या नोकरीत.
म्हणायचा, बंधारा इकडे वाढवला
की भरती दुसऱ्याचं दार शोधते.

"मग वाढवायचा नव्हता का?"

ती गप्प. डोळ्यांत मीच औषध घातलेलं,
पाणी कशाचं ते कळेना.
"वाढवला. त्रेपन्नच्या पुरात
माझी मावशी गेली.
जुना बंधारा संपत होता ना,
तिथून तिसरं घर तिचं."

लोकांना वाटतं, योग्य भिंग एकच असतं.
तसं नसतं. एकाने पान वाचता येतं
आणि रस्ता धूसर होतो.
मला विचाराल तर, आत घ्यावं.
हे म्हणणं मला सोपं आहे,
बर्फात माझं कोणी उभं नाही;
म्हणून हलक्या आवाजात म्हणते.
पण घ्यायचं नसेल
तर दार उघडं आहे, एवढं तरी म्हणू नये.
त्या आशेवर माणसं
शेजाऱ्याशी वैर घेऊन बसतात.

शुक्रवारी नातेला चष्मा न्यायला आली.
दारात उभी राहून
समोरच्या बंद पडलेल्या बेकरीवरची पाटी
तिने अक्षर अक्षर वाचली:
उघडे आहे.
काचेला नाक लावून आत बघून आली.
"उलटायला विसरलेत," म्हणाली,
आणि पैसे मोजू लागली.